उन्हात टाकलं की सगळं शुद्ध होतं का? – अग्निरोधक रसायनांची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एक जुन्या पेशंट, वय सत्तरच्या आसपास, अमेरिकेतल्या मुलीकडे चार महिने राहून परतल्या. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, आणि उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, मुलीच्या सोफ्याला खाली एक चिठ्ठी शिवलेली होती. तिनं वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की या सोफ्यात आग न लागण्यासाठीचं केमिकल घातलेलं नाही. म्हणजे आधी घालत होते की काय? आणि आपल्याकडच्या फोमच्या गाद्यांत असलं तर? मी आपली गादी दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकते. काय असेल ते उडून जाईल ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. त्यांना म्हटले, "मावशी, यावर सवडीने लिहीनच." म्हणून हा लेख.

आपल्याकडे उन्हावर मोठा विश्वास आहे. गहू-तांदळाला किडे लागू नयेत म्हणून ऊन दाखवायचे, गोधड्या उन्हात घालायच्या, लोणच्याची बरणी उन्हात ठेवायची. हा विश्वास चुकीचा नाही. उन्हाने ओल जाते, बुरशी आटोक्यात राहते, अतिनील किरणांनी अनेक जंतू मरतात. पण मानवाने कारखान्यात बनवलेल्या काही रसायनांच्या बाबतीत ऊन काय करते, हा इतिहास वेगळा आहे. ऊन त्यांना तोडते, हे खरे. तोडल्यावर जे उरते ते काय असते, हा प्रश्न मात्र विचारायला शास्त्रज्ञांनाही उशीर झाला.

आगीची जुनी भीती

कापड आणि लाकूड पेटू नये यासाठी माणूस फार पूर्वीपासून धडपडतो आहे. 1735 मध्ये इंग्लंडमध्ये ओबाडाया वाइल्ड या गृहस्थाने तुरटी, टाकणखार आणि लोहाचा एक क्षार वापरून कापड व कागद न पेटण्याची युक्ती शोधली आणि तिचे पेटंट घेतले. त्या काळी नाटकगृहात मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे असत. पडदे पेटून माणसे होरपळत. 1821 मध्ये फ्रान्सच्या राजाच्या, अठराव्या लुईच्या, सांगण्यावरून गे-लुसाक या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाने यावर काम केले. अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांचे मिश्रण पडद्याला लावले तर ते सहज पेट घेत नाहीत, असे त्याने दाखवले. हे क्षार साधे होते, पाण्यात विरघळणारे होते. पडदा धुतला की संरक्षणही धुऊन जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर घराचे रूप बदलले. कापूस, लोकर, लाकूड यांच्या जागी फोम, नायलॉन, पॉलिएस्टर, प्लास्टिक आले. या वस्तू खनिज तेलापासून बनतात, त्यामुळे त्या पेटल्या तर भराभर पेटतात. टीव्ही, रेडिओ, संगणक यांची कवचे प्लास्टिकची, आणि आत वीज. आता प्लास्टिकमध्ये मुरून राहील, पाण्याने जाणार नाही, असे काहीतरी हवे होते. रसायन उद्योगाला ते सापडले ब्रोमीनमध्ये.

ब्रोमीनच का?

ब्रोमीन हे मूलद्रव्य 1826 मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान बालार या तरुणाने मिठागराच्या पाण्यातून वेगळे केले. ज्यांनी जुने एक्स-रे पाहिले आहेत त्यांनी ब्रोमीनचे काम नकळत पाहिले आहे. एक्स-रेच्या आणि फोटोच्या फिल्मवर चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयुगाचा थर असे. त्यावर प्रकाश पडला की त्यात बदल होई आणि त्यातून चित्र उमटे. हे संयुग प्रकाशाला हळवे असते, म्हणून तर डार्करूम लागे. आपल्या गोष्टीतली रसायने निराळी आहेत, पण त्यांचेही प्रकाशाशी असेच नाते निघाले.

आग म्हणजे एक साखळी प्रक्रिया. ज्वाळेत काही अतिशय चपळ तुकडे तयार होतात. एक दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला. ब्रोमीन जोडलेले रसायन प्लास्टिकमध्ये मिसळले असेल तर वस्तू तापल्यावर कार्बन आणि ब्रोमीन यांच्यातला बंध आधी तुटतो, ब्रोमीन वायुरूपात ज्वाळेत शिरतो आणि त्या चपळ तुकड्यांना पकडतो. साखळी तुटते, आग मंदावते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. कार्बनशी फ्लोरीनचा बंध फार पक्का, तो वेळेवर तुटत नाही. आयोडीनचा फार कच्चा, तो वापरातच तुटून जातो. ब्रोमीनचा मधला. एरवी टिकतो, आगीत तुटतो. म्हणजे हा बंध तुटण्यासाठीच निवडलेला होता. पण आगीच्या उष्णतेने जे तुटते ते सूर्याच्या अतिनील किरणांनीही तुटू शकते, याकडे सुरुवातीला फारसे लक्ष गेले नाही.

मिशिगनच्या गाई

पहिला मोठा धक्का 1973 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बसला. तेथील एक रासायनिक कंपनी दोन वस्तू बनवत असे. एक, ब्रोमीनयुक्त अग्निरोधक 'फायरमास्टर'. दुसरी, गुरांच्या खाद्यात घालायचे मॅग्नेशियम ऑक्साइड 'न्यूट्रिमास्टर'. नावे सारखी, आणि एका खेपेत पोत्यांची अदलाबदल झाली. अग्निरोधक रसायन पशुखाद्यात मिसळले गेले आणि राज्यभरच्या गोठ्यांत पोचले.

गाईंचे दूध आटले, त्या खंगू लागल्या, वासरे मरू लागली. रिक हॅल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याने, जो स्वतः रसायन अभियंता होता, खाद्याचे नमुने तपासण्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा 1974 मध्ये कारण सापडले. तोवर बरेच महिने लोटले होते आणि लोक ते दूध, मांस, अंडी खात होते. सुमारे 30,000 गुरे आणि सुमारे 15 लाख कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. अनेक गुरे कल्कास्का नावाच्या भागात मोठे खड्डे खणून पुरली गेली. त्या काळात मिशिगनमध्ये राहणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात हे रसायन थोडेफार गेले. त्या कुटुंबांचा पाठपुरावा संशोधक आजही करत आहेत, कारण हे रसायन चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे निघत नाही.

मुलांचे रात्रीचे कपडे

याच दशकात अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून कडक नियम आले. हेतू चांगला होता, भाजलेली मुले ज्याने पाहिली आहेत तो या हेतूला नावे ठेवणार नाही. पण नियम पाळण्यासाठी कपड्यांत 'ट्रिस' नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन मुरवले गेले. जानेवारी 1977 मध्ये अर्लिन ब्लूम आणि ब्रूस एम्स या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की हे रसायन जंतूंच्या जनुकांत बदल घडवते, म्हणजे ते कर्करोगाला कारण होण्याची शक्यता आहे. एप्रिल 1977 मध्ये अशा कपड्यांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी असे दिसले की हे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत या रसायनाचा तुटलेला भाग उतरतो. कपड्यातले रसायन कपड्यात राहत नाही, ते अंगात जाते, हे तेव्हा सिद्ध झाले.

यातून उद्योगाने एक धडा घेतला, पण अर्धाच. वाईट ठरलेले रसायन गेले आणि त्याच्या जागी त्याचे भाऊबंद आले.

स्वीडनचे मासे आणि आईचे दूध

1975 मध्ये कॅलिफोर्नियाने सोफ्याच्या फोमसाठी नियम केला. उघड्या फोमला 12 सेकंद ज्योत लावली तरी तो टिकला पाहिजे. एका राज्याचा नियम, पण बाजारपेठ मोठी, म्हणून कारखानदार इतर राज्यांसाठीही तसाच माल काढू लागले. फोममध्ये जे रसायन भरले गेले ते 'पीबीडीई' या कुटुंबातले. नाव लांबलचक आहे, त्यात शिरायची गरज नाही. रचना मात्र समजून घेऊ. कार्बनची दोन कडी, मध्ये ऑक्सिजनचा सांधा, आणि कड्यांना जोडलेले ब्रोमीनचे अणू. ब्रोमीन एकपासून दहापर्यंत कितीही असू शकतात, आणि त्यांच्या जागा बदलून एकूण 209 प्रकार होतात. बाजारात मुख्यतः तीन मिश्रणे आली. सरासरी पाच ब्रोमीनचे 'पेंटा' फोमसाठी, आठचे 'ऑक्टा' आणि दहाचे 'डेका' प्लास्टिक व कापडासाठी.

1981 मध्ये स्वीडनमधल्या विस्कान नदीच्या माशांत ही रसायने सापडली. त्या नदीकाठी कापड गिरण्या होत्या. तेव्हा ही स्थानिक बाब वाटली. खरी झोप उडाली ती 1990 च्या दशकाच्या शेवटी. स्टॉकहोममध्ये मातांच्या दुधाचे नमुने अनेक वर्षे जपून ठेवले होते. संशोधकांनी 1972 ते 1997 या काळातले नमुने तपासले. डीडीटीसारखी जुनी विषारी द्रव्ये बंदीनंतर कमी होत होती, पण पीबीडीईचे प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेले होते. प्रमाण अगदी सूक्ष्म होते, आणि आईने बाळाला पाजू नये असा त्याचा अर्थ अजिबात नव्हता, आजही नाही. पण वाढीची ती चढती रेघ पाहून कोणीही डॉक्टर दचकेल.

2004 मध्ये युरोपने पेंटा आणि ऑक्टा यांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या उत्पादकाने त्याच वर्षाअखेर ती बनवणे थांबवले. डेका मात्र चालूच राहिले.

"हा रेणू मोठा आहे, तो काही करत नाही"

डेकाच्या बाजूने युक्तिवाद असा होता. त्याचा रेणू मोठा आणि जड, रेणुभार सुमारे 959. इतका मोठा रेणू पेशींच्या आवरणातून सहज जात नाही, आतड्यातून फारसा शोषला जात नाही. प्लास्टिकमध्ये घट्ट बसतो, बाहेर पडलाच तर मातीला आणि गाळाला चिकटून पडून राहतो. म्हणून लहान भाऊ वाईट असले तरी मोठा निरुपद्रवी.

या युक्तिवादात तथ्य होते. फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली होती की डेका हा कायम डेकाच राहील. आणि येथे आपल्या गोष्टीत ऊन येते.

प्रकाश रेणू बदलू शकतो हे समजायला लांब जायला नको. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. ही युक्ती 1950 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सापडली. तिथल्या परिचारिका सिस्टर वॉर्ड बाळांना बागेत उन्हात नेत. उन्हात उघड्या राहिलेल्या त्वचेचा पिवळेपणा उतरतो आणि कपड्याखाली झाकलेला भाग पिवळाच राहतो, हे त्यांच्या लक्षात आले. प्रकाशामुळे पिवळ्या द्रव्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकणे सोपे होते. येथे प्रकाशाने घडवलेला बदल बाळाच्या फायद्याचा. पण प्रकाशाला फायदा-तोटा कळत नाही. तो फक्त बंध तोडतो किंवा फिरवतो.

1987 मध्ये जपानच्या वातानाबे आणि तात्सुकावा या संशोधकांनी डेका एका द्रावकात विरघळवून अतिनील दिव्याखाली आणि उन्हात ठेवले. डेकामधले ब्रोमीन एकेक करून गळत गेले. दहाचे नऊ, नवाचे आठ, आठाचे सात. शिवाय काही रेणूंत दोन कडी आपसात जुळून 'फ्युरान' नावाचे वेगळेच द्रव्य तयार झाले. हे द्रव्य डायॉक्सिनच्या कुळातले, आणि डायॉक्सिन हे माणसाने बनवलेल्या अत्यंत घातक द्रव्यांपैकी मानले जाते.

घडते ते असे. अतिनील किरण रेणूत शोषला जातो. त्याची ऊर्जा कार्बन-ब्रोमीन बंधाला सोसत नाही आणि तो तुटतो. ब्रोमीन निघून जातो आणि त्याच्या जागी आसपासचा हायड्रोजन येऊन बसतो. जितके ब्रोमीन जास्त तितका रेणू जमिनीपर्यंत पोचणारे सूर्यकिरण अधिक शोषतो, म्हणून डेका झपाट्याने तुटतो. ब्रोमीन कमी झाले की शोषण्याची ताकदही कमी होते. 2004 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी अशा 15 रेणूंची तुलना केली, तेव्हा सर्वांत जलद आणि सर्वांत संथ तुटणाऱ्यांच्या वेगात शेकडो पटींचा फरक दिसला.

हा मुद्दा नीट पाहू. ऊन मोठ्या रेणूचे काम सुरुवातीला दणक्यात करते, आणि रेणू लहान होत गेला की तेच काम रेंगाळते. घर पाडणाऱ्याने भिंती पाडाव्यात आणि विटा, खिळे रस्त्यावर टाकून निघून जावे, तसे.

त्याच 2004 साली स्वीडनमधल्या आणखी एका गटाने डेका वाळू, गाळ, माती अशा वेगवेगळ्या थरांवर ठेवून पाहिले. द्रावकात 15 मिनिटांच्या आत निम्मे डेका संपले, तर इतर थरांवर त्याला 40 ते 200 तास लागले. मातीचे कण सावली देतात, हे त्याचे एक कारण. तुटून जे तयार झाले त्यात नवापासून सहा ब्रोमीनपर्यंतचे रेणू होते. 2008 मध्ये अमेरिकेत घरातली धूळ घेऊन हाच प्रयोग झाला. 200 तासांच्या उन्हात धुळीतले एक तृतीयांशाहून अधिक डेका कमी झाले, आणि त्यातला काही भाग लहान रेणूंच्या रूपात धुळीतच सापडला.

लहान तुकडा वाईट का?

आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात बहुधा मिथेनॉल असते. मिथेनॉल स्वतः जेवढे करते त्यापेक्षा जास्त नुकसान करते ते शरीराने मिथेनॉल तोडून बनवलेले फॉर्मिक आम्ल. डोळे जातात ते त्याने. म्हणजे 'तुटले' याचा अर्थ 'संपले' असा होत नाही, हे डॉक्टरांना रोजच्या अनुभवाने माहीत असते.

पीबीडीईचे तसेच. डेका रक्तात गेले तरी साधारण 15 दिवसांत निम्मे होते. कमी ब्रोमीनचे रेणू मात्र सहज शोषले जातात, चरबीत जाऊन बसतात, आणि निम्मे व्हायला काही वर्षे घेतात.

दुसरा मुद्दा थायरॉईडचा. आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे थायरॉक्सिन हे संप्रेरक कसे दिसते? कार्बनची दोन कडी, मध्ये ऑक्सिजनचा सांधा, आणि कड्यांना जोडलेले आयोडीनचे चार अणू. वाचकहो, वर पीबीडीईची रचना दिली आहे तिच्याशी हे ताडून पाहा. आयोडीनच्या जागी ब्रोमीन. त्यामुळे हे रेणू, विशेषतः शरीराने त्यांच्यात थोडा फेरफार केल्यावर, थायरॉक्सिनला रक्तातून वाहून नेणाऱ्या प्रथिनावर हक्क सांगू शकतात आणि संप्रेरकाच्या कामात लुडबुड करू शकतात. गर्भात आणि पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या मातांच्या व मुलांच्या अभ्यासांत, गरोदरपणी पीबीडीईचे प्रमाण जास्त असलेल्यांच्या मुलांमध्ये बुद्ध्यंक आणि एकाग्रता सरासरीने थोडी कमी आढळली. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, एकेका मुलाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण सगळ्या लोकसंख्येचा विचार केला तर 'थोडी' हा शब्दही लहान राहत नाही.

येथे एक खुलासा हवा. निसर्गात सापडणारे चार-पाच ब्रोमीनचे रेणू मुख्यतः जुन्या पेंटा मिश्रणातूनच आलेले आहेत. उन्हाने तोडलेल्या डेकाचा त्यात वाटा आहे, पण सगळा दोष उन्हाच्या माथी मारता येणार नाही.

पोरांवर बंदी, बापाला मोकळीक

घातक आणि चिवट रसायनांवर जगभर बंदी घालण्यासाठी 2001 मध्ये स्टॉकहोम करार झाला. 2009 मध्ये त्या यादीत चार, पाच, सहा आणि सात ब्रोमीनचे पीबीडीई घातले गेले. डेका नाही. म्हणजे सहा आणि सात ब्रोमीनचे जे रेणू ऊन डेकापासून तयार करत होते त्यांच्यावर जागतिक बंदी, आणि ज्यापासून ते तयार होतात ते डेका टीव्हीच्या कवचात आणि पडद्यांत चालूच. ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती. स्वीडनमध्ये जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुटी करणाऱ्या कामगारांच्या रक्तात डेका आधीच सापडले होते, त्यामुळे 'शोषले जात नाही' हेही पूर्ण खरे नव्हते. 2013 मध्ये नॉर्वेने डेकाचा प्रस्ताव मांडला. तपासणीत ते तुटून लहान रेणू होतात हा मुद्दा महत्त्वाचा ठरला, आणि 2017 मध्ये डेकाही यादीत आले. जपानचा तो प्रयोग 1987 चा. मध्ये 30 वर्षे गेली.

भारताने या कराराला 2006 मध्ये मान्यता दिली. ई-कचऱ्याच्या नियमांत नव्या उपकरणांतल्या पीबीडीईवर 2014 पासून 0.1 टक्क्याची मर्यादा आली. 2018 मध्ये चिवट प्रदूषकांसाठी वेगळे नियम झाले आणि 2020 मध्ये चार ते सात ब्रोमीनच्या पीबीडीईंसह सात रसायनांवरील बंदीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. कॅलिफोर्नियाने फोमला ज्योत लावण्याची जुनी चाचणी बदलली आणि 2015 पासून सोफ्यावर चिठ्ठी लावणे सक्तीचे केले. मावशींच्या मुलीच्या सोफ्याखाली होती ती हीच.

मग गादी उन्हात टाकायची की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

कापसाची गादी, गोधडी, उशा जरूर उन्हात टाका. ओल जाते, धुळीतले सूक्ष्म किडे कमी होतात, दम्याच्या रुग्णाला फायदा होतो.

फोमची गादी मात्र कडक उन्हात वारंवार टाकू नका. प्रकाश फोमच्या वरच्या पातळ थरापलीकडे जात नाही, त्यामुळे आत काही रसायन असले तर ते तसेच राहते. उलट उन्हाने फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा पडतो. तो भुगा म्हणजेच घरातली धूळ. नव्या फोमचा वास घालवायचा असेल तर गादी सावलीत, वारा खेळता राहील अशी ठेवावी. तेवढ्याने वास जातो.

घराच्या आत, काचेच्या खिडकीमागे, ऊन हे काम जवळजवळ करतच नाही. साधी काच अतिनील किरणांतला प्रखर भाग अडवते. म्हणून ही रसायने घरातल्या धुळीत दीर्घकाळ टिकतात, आणि शरीरात जाण्याचा मोठा मार्गही धूळच आहे. सर्वांत जास्त धूळ पोटात जाते ती रांगणाऱ्या बाळाच्या, कारण त्याचे हात जमिनीवर आणि मग तोंडात. उपाय आपल्या आजीच्या काळचेच आहेत. कोरडा केर उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसावी. जेवणाआधी हात धुवावेत, बाळाचे हात दिवसातून चार-पाच वेळा धुवावेत. फाटलेल्या उशा-गाद्यांचा उघडा फोम मुलांच्या हाती लागू देऊ नये.

जुना टीव्ही, संगणक, चार्जर, वायरी भंगारात देताना अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्याव्यात. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, तेव्हा याच रसायनांपासून डायॉक्सिनच्या कुळातली द्रव्ये धुरात जातात. तो धूर जाळणाऱ्याच्या आणि आसपासच्या वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. जुनी उपकरणे गच्चीवर, अंगणात वर्षानुवर्षे उन्हापावसात पडू देऊ नयेत, हे तर या लेखावरून कळलेच असेल.

आणि घाबरू नका. रक्तात पीबीडीई तपासून घेण्याची सामान्य माणसाला गरज नाही, त्यावर गोळी नाही, 'डिटॉक्स'चे कोणतेही पेय ते बाहेर काढत नाही. आगीची भीतीही खरी आहे. गॅसची नळी वेळेवर बदलणे, एकाच प्लगला चार उपकरणे न जोडणे, देवापुढचा दिवा पडद्यापासून लांब ठेवणे, यांनी जेवढी आग टळते तेवढी कुठल्याच रसायनाने टळत नाही.

या इतिहासातून मी डॉक्टर म्हणून एक सवय उचलली आहे. कोणी सांगितले की अमुक द्रव्य "विघटन होऊन नाहीसे होते", की मी विचारतो, "होऊन काय होते?" औषधाबद्दल हा प्रश्न आम्हाला पहिल्या वर्गापासून विचारायला शिकवतात. सोफ्यातल्या, पडद्यातल्या, शेतातल्या रसायनाबद्दलही तो तितक्याच सहजपणे विचारला गेला असता, तर मधली 30 वर्षे कदाचित वाचली असती.

मावशी पुढच्या महिन्यात रक्तदाब दाखवायला येतील. गादी गच्चीवरून खाली आणलीत का, हे मी त्यांना विचारणार आहे.